पार्श्वभूमी : इमान मालकाचं, सुटका गुलामाची

अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861–65) गुलामी राखायला दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि उत्तरेचं सरकार त्यांच्याशी लढलं. त्या युद्धातल्या गुलाम पोरांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: त्यांची निष्ठा कुणाशी होती, मालकाशी की उत्तरेच्या सरकारशी? हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलेला आहे. कायद्याला गुलामाच्या निष्ठेशी देणंघेणं नव्हतं, तो मालकाची निष्ठा तपासत होता. मालक बंडखोर ठरला तर गुलामाच्या सुटकेला वाव होता. मालक सरकारशी इमान राखून असला, तर गुलाम त्याच्याच दावणीला राहायचा.

ही रीत यादवी युद्धाच्या आधीची, ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली. 1775 च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने शस्त्र धरू शकणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य जाहीर केलं, पण ते फक्त बंडखोरांच्या गुलामांना. खुद्द गव्हर्नरचे गुलाम त्यात बसत नव्हते. युद्ध संपल्यावर, 1783 साली, न्यूयॉर्कहून ब्रिटिश जहाजांवर चढलेल्या सुमारे 3,000 काळ्या माणसांची नोंदवही झाली. राजनिष्ठ गोरे निर्वासित मात्र आपले गुलाम गुलाम म्हणूनच नोव्हा स्कोशियाला (आजच्या कॅनडात) घेऊन गेले. दुसऱ्या बाजूलाही तोच हिशेब. यॉर्कटाउनच्या लढाईआधी ब्रिटिश छावणीत नोकर म्हणून वावरून अमेरिकनांना खबरा पुरवणारा एक गुलाम युद्धानंतरही गुलामच राहिला. व्हर्जिनियाचा सुटकेचा कायदा शिपायांसाठी होता आणि हेर शिपायात मोडत नव्हता. त्याला अर्जविनंत्या करून 1787 पर्यंत थांबावं लागलं.

यादवी युद्धात हा गुंता एका शब्दाभोवती घट्ट झाला. तो शब्द म्हणजे ‘कॉन्ट्राबँड’. शत्रूकडे चाललेला, युद्धाच्या कामी येणारा आणि म्हणून वाटेत जप्त करता येणारा माल, असा त्याचा अर्थ. हा शब्द बंदुका, दारूगोळा यांच्यासाठीचा. 23 मे 1861 च्या रात्री तीन तरुण गुलाम होडी वल्हवत व्हर्जिनियातल्या, पण उत्तरेच्या ताब्यात असलेल्या मन्रो किल्ल्यावर आले. पलीकडच्या किनाऱ्यावर दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं, आणि पुढे कॅरोलिनाला पाठवणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन दक्षिणेचा एक अधिकारी त्यांना परत मागायला आला. त्याने पळपुट्या गुलामांना मालकाकडे परत करण्याच्या कायद्याचा हवाला दिला. किल्ल्याचा सेनापती मूळचा वकील. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? माणसं त्याने ‘कॉन्ट्राबँड’ म्हणून ठेवून घेतली, कारण शत्रू त्यांच्याकडून युद्धाचं काम करून घेत होता.

या प्रसंगाचं कौतुक करताना पुढचं वाक्य बहुतेक जण गाळतात. मालकाने किल्ल्यात येऊन सरकारशी निष्ठेची शपथ घेतली तर त्याचे गुलाम परत देऊ, असंही सेनापतीने सांगितलं होतं. ज्या तिघांनी जिवावर उदार होऊन खाडी ओलांडली, त्यांची सुटका दुसऱ्याच माणसाच्या शपथेला टांगलेली होती. सेनापतीची युक्ती चलाख होती यात वाद नाही. पण गुलाम म्हणजे मालमत्ता, हे दक्षिणेचं म्हणणं मान्य करूनच ती उभी होती.

बातमी पसरली आणि रीघ लागली. जुलैअखेर सेनापतीने वरिष्ठांना आकडे कळवले: एकूण 900 माणसं. त्यांत धडधाकट पुरुष 300, कष्टाच्या पलीकडे गेलेले 30, बायका 175, दहा वर्षांखालची मुलं 225 आणि दहा ते अठरा वयाची 170. तोफांच्या मोर्चावर राबलेला गडी युद्धसामग्री म्हणता येईल, पण सहा वर्षांची पोर? ती गुलाम की मुक्त, असं त्याने सरळच विचारलं. ऑगस्टमध्ये आलेलं उत्तर कारकुनी थाटाचं होतं. येणाऱ्यांची नोंद ठेवा, मालकाचं नाव लिहा आणि मालक एकनिष्ठ आहे की नाही तेही लिहा, म्हणजे एकनिष्ठांना पुढे भरपाईचा विचार करता येईल. ही पोरं स्वतः कुणाच्या बाजूची, हे लिहायला कुणी सांगितलं नाही.

ती बाजू कागदाबाहेर दिसते. दक्षिणेच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात गुलामांच्या मुलांना शिकवणं बेकायदा होतं. तिथली एक मुलगी रोज पुस्तकं कागदात गुंडाळून चोरट्या शाळेत जायची, पोलिसाच्या नजरेस पडू नयेत म्हणून. 1862 च्या एप्रिलमध्ये ती घरच्यांबरोबर उत्तरेच्या नौदलाच्या आसऱ्याला आली आणि चौदाव्या वर्षाच्या आसपास सेंट सायमन्स बेटावर सुटलेल्या मुलांची मास्तरीण झाली.

बंडखोर मुलखातले गुलाम मुक्त करणारा, अध्यक्ष लिंकनचा 1 जानेवारी 1863 चा जाहीरनामा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून वगळलेल्या व्हर्जिनियाच्या कौंट्यांत (जिल्ह्यांत) एलिझाबेथ सिटी कौंटी होती, म्हणजे नेमका मन्रो किल्ल्याभोवतीचा मुलूख. केंटकी, मेरीलँड, मिसुरी, डेलावेअर ही सरकारला धरून राहिलेली गुलामीची राज्यंही त्याबाहेरच. सुमारे 1,79,000 काळे शिपाई उत्तरेच्या लष्करात होते. 1864 च्या मध्यापर्यंत त्यांना महिन्याला 10 डॉलर आणि त्यातून कपड्यांचे 3 कापून, तर गोऱ्यांना 13. यातला एखादा शिपाई सरकारनिष्ठ मालकाचा गुलाम असला तर मालकाला 300 डॉलरपर्यंत भरपाई ठरली. केंटकीतल्या कॅम्प नेल्सन या उत्तरेच्या लष्करी छावणीतून तर 1864 च्या नोव्हेंबरात, कडाक्याच्या थंडीत, याच शिपायांच्या सुमारे 400 बायकामुलांना झोपड्या मोडून हाकललं गेलं. त्यांतली 102 दगावली. त्यावर बोंब झाली, आणि शिपायांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा 3 मार्च 1865 ला आला. त्याच महिन्यात दक्षिणेनेही गुलामांच्या भरतीचा कायदा केला, पण मालकाच्या संमतीशिवाय स्वातंत्र्य नाही, ही अट ठेवून.

(महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना, त्यांच्या निःस्वार्थ कार्याबद्दल, अर्पण केली. होडी वल्हवत आलेल्यांची कथा तेव्हा इकडे किती पोचली असेल, असा विचार मनात येतो.)

पुढे दक्षिणेत ‘इमानी गुलामां’ची स्मारकंही झाली. साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट मिलचं 1896 चं. मन्रो किल्ला राष्ट्रीय स्मारक व्हायला 2011 उजाडलं. 19 जून 1865 ला टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला गुलाम मुक्त झाल्याची घोषणा झाली. तो 19 जून 2021 पासून देशभर सुटीचा दिवस आहे. केंटकी आणि डेलावेअरमध्ये, जिथले मालक ‘एकनिष्ठ’ राज्यांतले होते, गुलामी कायद्याने संपली ती गॅल्व्हेस्टनच्या घोषणेनंतर सहा महिन्यांनी, 1865 च्या डिसेंबरात.