इलेक्ट्रोड परत पाठवण्याआधी

‘इलेक्ट्रोड खराब आलाय, आलेखात पीक (शिखरं) नीट येत नाहीत,’ असा फोन आला की आम्ही इलेक्ट्रोड विकणारे आधी एकच विचारतो : पॉलिशचे पॅड किती आहेत? इलेक्ट्रोड परत आल्यावर आम्ही तो नुसता पॉलिश करून सीव्ही (सायक्लिक व्होल्टामोग्राम : व्होल्टेज खाली-वर फिरवून मिळणारा करंटचा आलेख) घेतो, आणि बहुतेक वेळा तो छान चालतो. तुमचे मात्र कुरियरचे पैसे आणि आठ दिवस जातात.

३ मिमीच्या ग्लासी कार्बनच्या (काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या) चकतीसाठी १, ०.३ आणि शेवटी ०.०५ मायक्रॉनची घासायची पावडर, म्हणजे अ‍ॅल्युमिना, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. घोळ होतो तो तिन्ही पावडरी एकाच पॅडवर घासल्यामुळे. १ मायक्रॉनचे कण कापडाच्या लवेत रुतून बसतात, नळाखाली धरून निघत नाहीत. वर ०.०५ची पावडर कितीही टाका, जाडे कण ओरखडे काढतच राहतात. चकती उजेडात तिरकी धरून भिंगातून पाहा, काळ्या आरशावर बारीक रेघा दिसतील. म्हणून आमच्या किटमध्ये पॅड तीन आणि डबेही तीन रंगांचे. ‘उगाच खप वाढवता’ असं ऐकून घेतो, पण एक पॅड इलेक्ट्रोडपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

हात हलका ठेवा, इलेक्ट्रोड उभा धरा आणि आठचा आकडा काढत फिरवा. (इंग्रजी आठ. आपल्या आठाला टोकं सुटी असतात.) पावडर पॅडवर वाळू देऊ नका. मग डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने धुऊन सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) एक-दोन मिनिटं, बस्स. चहाला जाऊन अर्ध्या तासाने आलात, तर पाणी तापतं, कार्बन आणि त्याभोवतीच्या प्लॅस्टिकमधला जोड सुटतो आणि फटीत द्रावण शिरतं. तो इलेक्ट्रोड मग आम्हालाही दुरुस्त करता येत नाही.

तपासणीसाठी ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर फेरीसायनाइड घालून सीव्ही घ्या. दोन पीकमधलं अंतर हिशेबाने ५९ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवं. ८०च्या आत आल्याशिवाय आम्ही माल पाठवत नाही. त्या सीव्हीची प्रिंट डब्यात असते, ती फेकू नका. अंतर १००च्या वर गेलं तर पुन्हा ०.०५वर घासा. बफरमध्ये दीड व्होल्ट देऊन ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायची घाई नको : त्याने पृष्ठभागावर ऑक्साइड चढतं, बॅकग्राउंड (नुसत्या द्रावणाचा करंट) फुगतो आणि ओरखडे तसेच राहतात.

सोन्याचा इलेक्ट्रोड असेल तर पॉलिशनंतर ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात सीव्ही एकावर एक बसेपर्यंत फिरवा. फक्त सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) सरळ त्यात बुडवू नका. त्यातून क्लोराइड झिरपतं आणि सोनं विरघळायला लागतं. डबल जंक्शनवाला (मध्ये द्रावणाचा आणखी एक कप्पा असलेला) आमच्याकडे मिळतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर जरूर पाठवा, इलेक्ट्रोडच्या टोकाला टोपी बसवून. सोबत तुमचा शेवटचा सीव्ही आणि पॅडचा एक फोटो ठेवा.