सराफ्यातला काटा आणि दहा मीटरवरचं पिस्तूल

गेल्या मे महिन्यात भाऊजी छर्ऱ्यांचा डबा घेऊन सराफ्यात गेले. बाहेरगावच्या लोकांना इंदूरचा सराफा माहीत असतो तो रात्रीचा, भुट्ट्याच्या किसाचा. दिवसा तिथे सोनं तोललं जातं, आणि मिलिग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा काटा ओळखीत मिळायचा तर तिथेच. माझी भाची दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. दर दहा गोळ्यांतल्या पाच-सहा लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळावर लागत, बाकीच्या नवावर, एखादी आठावर, आणि भाऊजींचा संशय छर्ऱ्यांवर होता. अमेरिकेतले कितीतरी नेमबाज काडतुसं स्वतः भरतात, दारू तोलून घालतात, असं त्यांनी वाचलं होतं. "काडतूस नाही, तर निदान छर्रे तरी तोलून घेऊ," ते म्हणाले.

त्यांचा विचार चुकीचा नव्हता. काडतूस हाताने भरण्यामागचं खरं कारण जास्त जोर हे नसतंच. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी निघावी, एवढ्यासाठीच तो खटाटोप असतो. तिथे दारूचं माप ग्रेनमध्ये धरतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, ६४.८ मिलिग्रॅम. आपल्या सोनारांची गुंज हीसुद्धा एक बी, आणि दोन्ही मापं एकमेकांना ओळखतात: ब्रिटिश अमदानीत तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला गेला, आणि तोळ्याच्या गुंजा ९६. त्या हिशेबाने आमचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सुमारे चार गुंजांचा भरतो.

भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तो विषय घरात निघण्याचं कारण नाही. पण ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांतही हाताने भरलेलं काडतूस कुणी वापरत नाही. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाज घडवणारी तुकडी, आहे. तिथे तयार झालेल्या विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडनला रौप्यपदक मिळवलं ते २५ मीटर रॅपिड फायरमध्ये, म्हणजे पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आणि सर्वांत कठीण फेरीत चारच सेकंदांत. या प्रकाराला पॉइंट टू-टूचं, म्हणजे ०.२२ इंची, काडतूस लागतं. त्यात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन ती कडच चेपते. एकदा चेपलेली पुंगळी पुन्हा भरण्यासारखी राहत नाही. एअर पिस्तुलात तर दारूच नाही. तिथे दारूचं काम करते सिलिंडरमधली दाबलेली हवा.

सोनाराने शंभर छर्रे तोलले. सगळ्यांत हलक्या आणि सगळ्यांत जड छर्ऱ्यात फरक निघाला दहा मिलिग्रॅमचा, म्हणजे सरासरीपासून इकडे किंवा तिकडे पाच, एक टक्का. भाऊजींनी लगेच हलके, मध्यम आणि जड असे तीन डबे केले. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला जवळजवळ २२ मिलिमीटर खाली ओढतं. हे पडणं रोज सारखंच असेल तर त्याची चिंता नाही, साइट, म्हणजे नेम धरायची खूण, तेवढी वर केली की झालं. प्रश्न बदलाचा असतो. छर्रा एक टक्का जड असेल तर हवेची तेवढीच ऊर्जा घेऊन तो अर्धा टक्का हळू जातो, आणि पडणं वाढतं एक टक्क्याने. २२ मिलिमीटरचा एक टक्का म्हणजे ०.२ मिलिमीटर.

आता समोरचं लक्ष्य पाहा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, त्याबाहेरचं प्रत्येक कडं ८ मिलिमीटर रुंद. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटर सरकला तरी दहाच. त्या ८ मिलिमीटरसमोर आपण सराफ्यात जाऊन ०.२ मिलिमीटर शोधून आणले होते.

हवेच्या दाबाकडे मात्र लक्ष द्यायला हवं. वेगात दोन टक्क्यांचा फरक पडला तर गोळी ०.९ मिलिमीटर वर-खाली होते, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात तेव्हा एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. पूर्वी या पिस्तुलांत कार्बन डायऑक्साइड भरत. त्याचा दाब तापमानाबरोबर चढतो: २० अंशांना सुमारे ५७ बार (बार हे दाबाचं माप), ३० अंशांना ७२. सकाळी माळव्याच्या गारव्यात साइट लावायची आणि दुपारी पत्र्याखाली सामना खेळायचा, म्हणजे पिस्तूलच दुसरं झालं म्हणायचं. आता सिलिंडरमध्ये साधी हवा २०० बारपर्यंत भरतात आणि आतला रेग्युलेटर ती ठरावीक, कमी दाबावर आणून प्रत्येक गोळीला सारखाच घास देतो. ट्यूनिंगसाठी मेकॅनिककडे जायचंच असेल तर मी आधी रेग्युलेटर तपासायला सांगेन.

छर्ऱ्याचा आकारही पाहण्यासारखा आहे. हुबेहूब डमरू. पुढचं तोंड सपाट, म्हणून कागदाला फाटकं नव्हे, गोल भोक पडतं, कंबर बारीक, मागचा घागरा पोकळ आणि पातळ, तो नळीच्या आतल्या पीळदार आट्यांना चिकटून हवा निसटू देत नाही. तोंडाचा व्यास ४.४९ की ४.५०, यातला कोणता एखाद्या नळीला मानवेल हे हिशेबाने सांगता येत नाही. पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारायच्या आणि ज्याची भोकं एकमेकांत मिसळतात तो लॉट वर्षभरासाठी घेऊन ठेवायचा. ही परीक्षा तोलण्यापेक्षा मोलाची, आणि एका दुपारी संपते. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, एवढं मुलांना बजावून सांगावं लागतं.

मग त्या नवांचं काय? त्याचं उत्तर होतं माशीत. नळीच्या टोकाशी नेम धरायची जी छोटी उभी खूण असते तिला जुन्या मराठीत माशी म्हणतात. रेंजवर फ्रंट साइट. मागच्या साइटच्या खाचेत ती मधोमध, दोन्हीकडे सारखा उजेड सोडून दिसायला हवी. दोन्ही साइट्समध्ये अंतर असतं सुमारे ३२ सेंटिमीटर, आणि लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे एकतीस पट. माशी खाचेत ०.१ मिलिमीटर, केसाएवढी, सरकली की लक्ष्यावर ३ मिलिमीटर. केसांच्या तीन जाड्या सरकली की नऊ, आणि दहा गेला.

हात हलण्याचं गणित अगदी वेगळं. माशी खाचेत नीट आहे आणि सगळा हातच ३ मिलिमीटर डावीकडे गेला, तर गोळीही तीनच मिलिमीटर डावीकडे. ते एकतीस पटींनी वाढत नाही. नवशिक्याला मात्र उलटं वाटतं. काळा गोल डुलताना दिसतो, तो घाबरतो, नजर लक्ष्यावर नेतो, आणि त्या क्षणी माशी धूसर होऊन हळूच सरकते. डोळ्याला जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्वच्छ दिसत नाही. म्हणून लक्ष्य धूसर आणि माशी लख्ख, हा या खेळाचा पहिला धडा असतो.

हाताचा कंप काही जात नाही. स्नायूंचा नैसर्गिक कंपच सेकंदाला आठ ते बारा वेळा असतो, आणि वर हृदयाचा ठोका. तो औषधाने दाबण्याचा मोह झालेले आहेत: २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू यांची दोन्ही पदकं प्रोप्रॅनोलॉल हे कंप दाबणारं औषध सापडल्यामुळे परत घेतली गेली.

ट्यूनिंगचे पैसे वसूल होतात ते ट्रिगर आणि मूठ यांत. नियमाने ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम उचलता यायला हवेत. सामन्याआधी तिथे वजन लटकवून बघतात. हे ५०० ग्रॅम दोन टप्प्यांत वाटता येतात. पहिला टप्पा बोटाने आधीच ओढून ठेवला की शेवटी थोडासाच भार उरतो आणि बोट नळीला बाजूला ढकलत नाही. बोटाचं पेर ट्रिगरवर तिरकं पडत असेल तर तेच ०.१ मिलिमीटर पुन्हा हजर. अक्रोडाच्या लाकडाची मूठ कानशीने घासून, कुठे लांबी (पुट्टी) भरून, तळहाताला अशी बसवायची की डोळे मिटून पिस्तूल उचललं आणि डोळे उघडले की माशी आपोआप खाचेत मधोमध. मूठ घासायला आम्हाला तीन रविवार लागले. अंगठ्याच्या बुडाशी दीड मिलिमीटर लाकूड जास्त होतं.

भाऊजींचे तीन डबे कपाटात आहेत. सरावाला भाची कुठलाही घेते. रोज संध्याकाळी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून ती पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर उभी राहते आणि हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबते. भिंतीवर लक्ष्य नसतं, त्यामुळे नजरेला पाहायला माशीच उरते. परवा ती म्हणाली, "मामा, ट्रिगर सुटताना माशी उजवीकडे टुणकन उडते, आज दिसलं." इतके दिवस ते तिला दिसतच नव्हतं.