मेघसाठ्यातील माहितीची गोपनीयता आणि अखंडता

मेघसाठ्यात, म्हणजे रोजच्या बोलण्यात ‘क्लाऊडवर’, ठेवलेली माहिती परक्याच्या नजरेस न पडणे ही तिची गोपनीयता आणि ठेवली तशीच परत मिळणे ही अखंडता. विदर्भातल्या खेड्यात हा विषय सातबारा, काटापट्टी आणि सेतू केंद्राच्या रूपाने भेटतो. दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात, आणि घोटाळा तिथेच होतो.

गोपनीयतेसाठी कूटलेखन करतात, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती बदलतात. त्याची २००१ मध्ये प्रमाणित झालेली एईएस पद्धत आज सर्रास वापरात आहे. कुलूप भक्कम आहे. किल्ली कोणाकडे, हे मात्र विचारावे लागते. बहुतेक सेवांत ती सेवादात्याकडेच असते. आपल्याच संगणकावर फाइल कूटबद्ध करून मग वर चढवली, तर त्यालाही ती वाचता येत नाही; पण किल्ली हरवली की माहितीही गेली.

अखंडता तपासायला हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा अंगठा, लागतो. एसएचए-२५६ पद्धतीत फाइल केवढीही असो, अंगठा ६४ अक्षर-अंकांचा निघतो. शेतकरी उत्पादक कंपनीने जपून ठेवलेल्या काटापट्टीत १८.४० क्विंटल कापसाचे कोणी १४.८० केले, तर अंगठा पार वेगळा येतो. अपलोड चालू असताना लाईट गेली आणि फाइल अर्धवट चढली, तरी तसेच. अंगठा मात्र फाइलशेजारी ठेवू नये. फाइल बदलणारा तोही बदलून ठेवील. तो वेगळा तरी ठेवावा, नाहीतर त्यावर डिजिटल स्वाक्षरी घ्यावी. १ मे २०१८ पासून मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यामागे हेच तत्त्व आहे. स्वाक्षरी फाइलमध्ये असते, कागदावर उतरत नाही. म्हणून छापील प्रतीची खातरजमा तिच्यावरच्या पडताळणी क्रमांकाने ऑनलाइन करतात.

नोंदींचा ढीग मोठा असेल तर संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेली अंगठ्यांची वृक्षरचना कामी येते: दोन-दोन अंगठे जोडून त्यांचा नवा अंगठा काढत जायचे, शेवटी मुळाशी एकच उरतो. हा मुळाशी असलेला अंगठा आपल्याकडे असला, की १,०२४ नोंदींपैकी एक तपासायला आणखी १० अंगठे पुरतात.

जुने न पुसता नवे जोडत जाणारी नोंदवही हाही अखंडतेचाच उपाय. महसूल खात्याला तो संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे: सातबाऱ्यावरचे जुने नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक टाकतात.

गावपातळीवर माहिती फुटते ती बहुधा साध्या वाटेने. कर्जाच्या कागदांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आधारचा फोटो केंद्राच्या संगणकात ‘डाऊनलोड्स’मध्ये पडून राहतो, सभासदांची यादी ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ उघडता येते आणि लिंक गावच्या ग्रुपवर फिरते. अशा वेळी एईएसचा काडीचा उपयोग नाही. जिथे चालते तिथे शेवटचे ४ अंकच दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे, लिंक नावानिशी ठरावीक लोकांपुरती ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार, साठवणुकीचे काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच राहते.