फक्त पाण्याची ट्यूब

रेण्वीय जीवशास्त्राच्या संस्थेत कुणी कर्करोगावर काम करतं, कुणी पिकांच्या रोगांवर, कुणी जिवाणूंवर. विषय कोणताही असो, एक काम बहुतेक सगळ्यांना करावंच लागतं, ते म्हणजे पीसीआर. आणि पीसीआरच्या रांगेतली सर्वांत महत्त्वाची ट्यूब कोणती, तर जिच्यात नमुना घातलेलाच नाही ती. तिच्यात नमुन्याच्या जागी तेवढंच शुद्ध पाणी असतं.

पीसीआरमध्ये डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढतात. ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान ५५ ते ६० अंशांवर उतरलं की प्रायमर, म्हणजे साधारण १८ ते २५ अक्षरांचे (डीएनएच्या चार प्रकारच्या घटकांना इथे अक्षरं म्हटलं आहे) मुद्दाम बनवून घेतलेले छोटे धागे, आपापल्या जागी चिकटतात. ७२ अंशांना टॅक नावाचं विकर तिथून पुढे नवा धागा जोडत जातं. हे झालं एक चक्र. प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट झाल्या, तर ३० चक्रांनंतर एका रेणूचे सुमारे १०७ कोटी होतात. कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरुवातीचं विकर ९५ अंशांना निकामी व्हायचं, त्यामुळे ते दर चक्राला नव्यानं घालावं लागे. टॅक मात्र अमेरिकेतल्या येलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूचं असल्यामुळे ही उष्णता सोसतं.

एका ट्यूबमध्ये सगळं मिळून २५ मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे जेमतेम एक छोटा थेंब. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), मॅग्नेशियम, चारही अक्षरांचा पुरवठा, दोन प्रायमर आणि विकर हे सगळं आधी एकत्र कालवून ठेवतात. आठ ट्यूब लावायच्या असतील तर मिश्रण नऊंचं करायचं, कारण थोडं टिपमध्ये, म्हणजे द्रव मोजून ओढणाऱ्या पिपेटच्या टोकात, अडकून राहतंच. विकर ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं असतं, त्यामुळे उणे २० अंशांनाही ते गोठत नाही. पण मधासारखं दाट असतं. टिप खोल बुडवली तर ती बाहेरून माखते आणि हवं त्याच्या दुप्पट विकर जातं. म्हणून टोक पृष्ठभागाला जेमतेम लावायचं आणि सावकाश ओढायचं. मिश्रण वाटून झालं की नमुने घालायचे आणि पाण्याची ट्यूब शेवटी बंद करायची, म्हणजे मधल्या वेळात काही उडालं असेल तर तेही तिच्यात पकडलं जातं.

काय उडणार, हे आकड्यांत पाहिलं की धास्ती कळते. चांगल्या झालेल्या पीसीआरमध्ये ५०० अक्षरजोड्यांच्या तुकड्याचे २५० नॅनोग्रॅम सहज तयार होतात. म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये जवळपास १,८०० कोटी प्रती. झाकण उघडताना त्याचा हजारावा भाग तुषार होऊन उडाला, तरी एक कोटीहून जास्त प्रती हवेत जातात. उद्याच्या ट्यूबमध्ये त्यातल्या मोजक्या पडल्या तरी पुरे. त्या नमुन्यातून आल्या की कालच्या कामातून, हे यंत्राला कळायला मार्ग नाही.

म्हणूनच मिश्रण करण्याची खोली आणि तयार ट्यूब उघडण्याची खोली वेगळ्या असतात, पिपेट वेगळी, अ‍ॅप्रनही वेगळे. जायचं एकाच दिशेनं. दुसऱ्या खोलीत गेलेली पिपेट पहिलीत परत आणायची नाही. टेबल ७० टक्के अल्कोहोलनं पुसून समाधान मानणं ही नेहमीची चूक. अल्कोहोलनं जंतू मरतात, डीएनए नष्ट होत नाही. त्याला ताजं पातळ केलेलं ब्लीच लागतं. दहा मिनिटं ठेवायचं आणि मग पाण्यानं पुसून काढायचं, नाहीतर उरलेलं ब्लीच पुढच्या प्रयोगातला डीएनएही खातं. अतिनील दिव्यावरही फार विसंबू नये, सावलीतल्या आणि छोट्या तुकड्यांवर त्याचा परिणाम कमी होतो.

निकाल जेलवर, म्हणजे जेलीसारख्या चकतीवर, पाहतात. प्रत्येक ट्यूबची तिथे एक रांग असते आणि तयार झालेल्या प्रती तिच्यात पट्ट्यासारख्या दिसतात. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे वीज सोडली की तो धन टोकाकडे सरकतो आणि छोटे तुकडे पुढे जातात. पाण्याच्या रांगेत अगदी खाली, १०० अक्षरजोड्यांच्याही आत, धूसर पट्टा दिसला तर सहसा तो प्रायमर एकमेकांना चिकटून झालेला असतो. त्यानं घाबरायचं कारण नाही. पण नमुन्याच्याच उंचीवर पट्टा आला, तर तो दूषणाचा आहे. याच्या उलट, सगळ्याच रांगा कोऱ्या निघाल्या तर ‘नमुन्यात काही नाही’ असं म्हणता येत नाही. रक्तातलं हीम किंवा मातीतली ह्युमिक आम्लं विकराला अडवतात. त्यासाठी, ज्यात तो तुकडा नक्की आहे अशीही एक ट्यूब लावलेली हवी.

एक अडचण मात्र कितीही काळजी घेतली तरी येते. टॅक बहुधा जिवाणूंकडूनच बनवून घेतात. सर्व जिवाणूंना लागू पडणारे प्रायमर वापरून चक्रं ३५ च्या पुढे नेली, की पाण्याच्या ट्यूबमध्येही पट्टा उगवू शकतो. तो विकराबरोबर आलेल्या जिवाणूंच्या डीएनएचा असतो. अशा वेळी चक्रं कमी करायची किंवा मुद्दाम डीएनएमुक्त केलेलं विकर घ्यायचं.

एरवी पट्टा दिसला की शोध सुरू होतो: आधी पाणी नवं, मग बफर, मग प्रायमर, एका वेळी एकच गोष्ट बदलून. यासाठीच प्रत्येक द्रव आधीपासून छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवतात, म्हणजे एक बिघडली तरी सगळा साठा टाकावा लागत नाही. दोषी सापडेपर्यंत त्या दिवसाच्या जेलवरचे बाकीचे पट्टे कितीही ठळक असोत, वहीत त्यांच्यापुढे ‘बाद’ असंच लिहायचं.