कर्करोगग्रस्त मुलांतील आंत्रपरजीवी संक्रमणे

कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलांच्या आतड्यांत एकपेशीय परजीवी व कृमी यांच्यामुळे होणारी संक्रमणे. निरोगी मुलात हे परजीवी काही दिवसांचे जुलाब घडवून नाहीसे होतात किंवा काहीच लक्षण न दाखवता राहतात. केमोथेरपी व स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खचली, की यांतील काही जीवघेणे ठरतात. याविषयीचे लेखन मुख्यतः ईजिप्त, तुर्कस्तान, इराण, ब्राझील व भारत या देशांतून आलेले आहे. तपासणीच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने त्यांतील प्रमाणांचे आकडे परस्परांशी ताडून पाहणे धोक्याचे आहे. बहुतेक अभ्यास तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या, मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगासंबंधीचे असून घन अर्बुदांविषयीची (गाठींच्या कर्करोगांविषयीची) माहिती त्यामानाने तुटपुंजी आहे.

ल्युकेमियाचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या टप्प्यात सुमारे चार आठवडे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी आतड्याचे अस्तर सोलवटते आणि रक्तातील, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दर मायक्रोलिटरला 500 च्याही खाली जातात. या काळातील जुलाब औषधांमुळे असू शकतात, जंतुसंसर्गामुळे असू शकतात आणि परजीवींमुळेही. केवळ लक्षणांवरून हा निवाडा होत नाही.

सर्वांत गंभीर धोका स्ट्राँगिलॉयडीस स्टर्कोरॅलिस या बारीक कृमीचा आहे. 1876 मध्ये कोचीन-चायनाहून (आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण भागातून) फ्रान्समधील तूलाँ येथे परतलेल्या फ्रेंच सैनिकांच्या विष्ठेत लुई नॉर्मां या नौदलातील वैद्याला तो प्रथम आढळला. त्याच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. इतर बहुतेक कृमींहून वेगळी गोष्ट अशी, की आतड्यात जन्मलेल्या काही अळ्या बाहेर न पडता तेथेच संक्रमणक्षम होतात आणि आतड्याची भिंत किंवा गुदद्वाराजवळची त्वचा भेदून पुन्हा शरीरात जातात. या स्वयंसंक्रमणामुळे तो दशकानुदशके टिकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश–सयाम रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांत तो तीस वर्षांनंतरही सापडला. स्टेरॉइड सुरू झाल्यावर अळ्यांची संख्या बेसुमार वाढते; याला अतिसंक्रमण म्हणतात. त्या फुप्फुसांत, क्वचित मेंदूतही पोहोचतात आणि आतड्यातील जंतू सोबत नेत असल्याने रक्तात जंतुसंसर्ग व मस्तिष्कावरणशोथ (मेंदूच्या आवरणाचा दाह) उद्भवतात. न्यूट्रोफिल घटलेल्या मुलाला ताप येणे ही कर्करोग-विभागात नेहमीची बाब असल्याने कृमीचा संशय उशिरा येतो. असे घडू नये म्हणून हा धोका स्टेरॉइडपूर्वीच विचारात घ्यावा लागतो.

स्टेरॉइडमुळे हे अतिसंक्रमण का होते, याविषयी मतभेद आहेत. जुन्या मतानुसार कृमींना आवर घालणाऱ्या इओसिनोफिल पेशी व त्यांना चेतवणारा प्रतिकार स्टेरॉइड दडपतात. दुसऱ्या मतानुसार स्टेरॉइड किंवा त्यांच्या विघटनातून बनणारी द्रव्ये कृमीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांसारखी थेट त्याच्यावरच क्रिया करतात. एड्सच्या रुग्णांत प्रतिकारशक्ती अतिशय खालावूनही अतिसंक्रमण अपेक्षेपेक्षा कमी दिसले, ही गोष्ट दुसऱ्या मताला अनुकूल आहे. स्टेरॉइडसदृश संप्रेरकाला प्रतिसाद देणारा डॅफ-12 हा ग्राही (संप्रेरक ओळखणारे प्रथिन) या कृमीत असल्याचे 2009 मध्ये दाखवले गेले. पुढे लिंफोसाइट या प्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरांतही मेथिलप्रेडनिसोलोनने अतिसंक्रमण घडवता आले. मात्र याच पेशींना बाधणाऱ्या एचटीएलव्ही-1 विषाणूच्या रुग्णांत स्टेरॉइड न देताही हा प्रकार होतो व त्याचा उलगडा पहिल्या मताने अधिक सरळ होतो. दोन्ही यंत्रणा एकाच वेळी काम करीत असाव्यात, असे मानणे आज अधिक सयुक्तिक वाटते.

क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीचे वर्णन अर्नेस्ट टिझर यांनी 1907 मध्ये उंदरांत केले. माणसातील पहिल्या नोंदी 1976 मधील असून त्यांपैकी एक अमेरिकेतील तीन वर्षांच्या मुलाची होती. ते मूल एरवी निरोगी होते व बरे झाले. कर्करोगाच्या उपचारात मात्र पाण्यासारखे जुलाब आठवडेच्या आठवडे चालतात, वजन उतरते आणि केमोथेरपीचे वेळापत्रक मोडते. त्याची 4 ते 6 मायक्रोमीटरची युग्मकोष्ठे (विष्ठेतून बाहेर पडणारी कवचयुक्त अवस्था) क्लोरिनला दाद देत नाहीत. 1993 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना बाधा झाल्याचा अंदाज आहे. निटाझोक्सानाइड हे औषध प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या मुलांत उपयुक्त आहे. ती खालावलेल्या मुलांत त्याचा भरवसा देता येत नाही, आणि प्रतिकारक पेशींची संख्या सावरणे हाच खरा उपाय ठरतो.

जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी विलेम लांब्ल यांनी 1859 मध्ये प्राग येथे मुलांच्या विष्ठेत वर्णिला. त्यावर टिनिडाझोल व मेट्रोनिडाझोल चालतात. मेट्रोनिडाझोल लांबल्यास मज्जातंतूंना इजा होऊ शकते. ल्युकेमियावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषधही हेच करते, म्हणून दोन्ही चालू असताना मुलाच्या चालण्याकडे व हातापायांच्या मुंग्यांकडे लक्ष ठेवतात.

आमांश घडवणाऱ्या एंटामीबा हिस्टॉलिटिकाविषयीचे जुने आकडे सावधपणे वाचावेत. 1925 मध्ये एमिल ब्रुंप्ट यांनी तिच्यासारखीच दिसणारी पण निरुपद्रवी एंटामीबा डिस्पार ही वेगळी जाती असल्याचे मांडले. ते फारसे कोणी मानले नाही. 1993 मध्ये डायमंड व क्लार्क यांनी जैवरासायनिक व जनुकीय पुराव्यांवरून दोहोंची पुन्हा व्याख्या केली. दोघींची पुटी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसते. त्यामुळे अहवालात ‘हिस्टॉलिटिका’ लिहिलेल्या कित्येक मुलांत प्रत्यक्षात डिस्पारच असण्याचा संभव आहे. प्रतिजन किंवा पीसीआर चाचणीने हा प्रश्न सुटतो. ब्लास्टोसिस्टिस हा एकपेशीय जीव कर्करोगग्रस्त मुलांच्या सर्वेक्षणांत वारंवार आढळतो, पण तो निरोगी लोकांतही विपुल असल्याने त्याची रोगकारकता वादग्रस्त आहे. दुसरे कारण सापडत नसेल तरच त्यावर उपचार करावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मायक्रोस्पोरिडिया हे अतिसूक्ष्म एकपेशीय परजीवी आता कवकांच्या जवळचे मानले जातात. त्यांवरील फ्युमॅजिलिन हे औषध बिंबाणू (प्लेटलेट) घटवते, म्हणून या मुलांत त्याचा वापर विशेष जोखमीचा आहे.

निदानात विष्ठेच्या एका नमुन्यावर विसंबणे योग्य नाही. निरनिराळ्या दिवशीचे तीन नमुने तपासतात. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी सुधारित झील-नील्सन रंजन (नमुना रंगवण्याची खास पद्धत) मुद्दाम सांगावे लागते, ते नेहमीच्या तपासणीत समाविष्ट नसते. स्ट्राँगिलॉयडीससाठी आगर-तबकडीवरील संवर्धन (अळ्या वाढवून पाहणे) व रक्तातील प्रतिपिंडे उपयोगी पडतात. अतिसंक्रमणात इओसिनोफिल बहुधा वाढलेले नसतात, त्यामुळे ते कमी आहेत म्हणून कृमी नाहीत असे समजू नये. न्यूट्रोफिल कमी असताना गुदद्वारातून नमुना किंवा तापमान घेणे टाळतात.

स्ट्राँगिलॉयडीसवर आयव्हरमेक्टिन, दर किलोग्रॅम वजनाला 200 मायक्रोग्रॅम, हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. 15 किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांत त्याचा अनुभव मर्यादित आहे. अल्बेंडाझोल त्याहून कमी परिणामकारक असून क्वचित अस्थिमज्जा दडपते. भारतात 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाड्या व शाळांतून 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. त्या एका गोळीने गोल जंत जातात, स्ट्राँगिलॉयडीस जातोच असे नाही. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाने ती गोळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी दिले जाणारे कोट्रायमोक्सॅझोल सायक्लोस्पोरा व सिस्टोआयसोस्पोरा या आतड्यातील एकपेशीय परजीवींनाही आवर घालते, हा त्याचा अनपेक्षित लाभ होय.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून येणारी कुटुंबे महिनोन्‌महिने धर्मशाळांत व भाड्याच्या खोल्यांत राहतात. तेथे पिण्याचे पाणी एक मिनिट खळखळून उकळणे हा क्रिप्टोस्पोरिडियमवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. केवळ क्लोरिनचे थेंब पुरत नाहीत. कच्ची कोशिंबीर, रस्त्यावरचा उसाचा रस व बर्फ टाळतात. गावी गेल्यावर मुलाच्या पायांत चपला असाव्यात. कुटुंबात कोणाला सुतकृमी आढळल्यास सर्वांना एकाच वेळी औषध देतात, अन्यथा तेच मूल पुन्हा बाधित होते.