खारीच्या पुड्यावरचं ‘शून्य’

खारीच्या पुड्यावर हल्ली ठळक छापलेलं असतं: ‘ट्रान्स फॅट विरहित’. ते वाचून अनेकजण पदार्थ हृदयाला चांगला, असं धरून चालतात. हा गैरसमज दूर करायचा, तर आधी ट्रान्स फॅट तयार कसं होतं ते पाहायला हवं.

तेलातल्या ओलेइक आम्ल या मेदाम्लाची साखळी 18 कार्बनांची. तिच्या मधोमध दुहेरी बंध असतो आणि तिथले दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला, म्हणून ती वाकते. वाकड्या फांद्यांची मोळी घट्ट बांधली जात नाही, तसंच इथे होतं आणि तेल पातळ राहतं. 1902 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी पेटंट घेतलेल्या पद्धतीत तापलेल्या तेलात निकेलची भुकटी घालून हायड्रोजन सोडतात. तेलाचा रेणू निकेलला चिकटतो, दुहेरी बंध उघडतो, एक हायड्रोजन जोडला जातो. आता तिथे एकेरी बंधच उरल्याने साखळी त्याच्याभोवती फिरू शकते. दुसरा हायड्रोजन मिळाला, तर ती संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे दुहेरी बंध नसलेली होते. नाही मिळाला, तर एक हायड्रोजन निसटतो आणि दुहेरी बंध पुन्हा जुळतो, पण तोवर साखळी फिरलेली असू शकते. मग हायड्रोजन समोरासमोरच्या बाजूंना येतात आणि साखळी जवळजवळ सरळ होते. हेच ट्रान्स रूप, इलेइडिक आम्ल. अणू तेच, तेवढेच. तरी ओलेइक सुमारे 13 अंशांना वितळतं, तर हे 45 अंशांना!

अर्धवट हायड्रोजनीकरण केलेल्या वनस्पती तुपात हे रेणू भरपूर असत. ते रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढवतात आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) घटवतात, म्हणून ते टाळायचे. ‘मार्गारीन (वनस्पती तेलापासून केलेलं लोण्यासारखं स्निग्ध) आणि प्लास्टिक यांत एकाच रेणूचा फरक’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश मात्र निव्वळ भंपक आहे. पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत एकाच अणूचा फरक आहे, म्हणून पेरॉक्साइड कोणी पीत नाही.

भारतात 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के आहे. ‘विरहित’ म्हणायला 100 ग्रॅम पदार्थात ते 0.2 ग्रॅमपेक्षा कमी असावं लागतं. पण खारीचे पापुद्रे सुटायला घट्ट स्निग्धांश लागतोच. ती जागा बहुधा पाम तेल किंवा इंटरएस्टरिफाइड फॅट (मेदाम्लांची अदलाबदल करून घट्ट केलेला स्निग्धांश) घेतं, आणि पाम तेलातली जवळपास निम्मी मेदाम्लं संपृक्त असतात; तीही एलडीएल वाढवतात. म्हणून ‘ट्रान्स’च्या ओळीबरोबर ‘सॅच्युरेटेड फॅट’चीही ओळ वाचा, दोन पुडे शेजारी ठेवून 100 ग्रॅममागचे आकडे ताडून पाहा. चहाबरोबर भाजलेले चणे-शेंगदाणे असतील तर पामचा प्रश्नच येत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतली सुटी खारी घेत असाल, तर तिथे वाचायला लेबल नसतं. कोणतं तूप वापरता, हे भट्टीवाल्यालाच विचारावं लागतं.