ग्राउंडच्या वायरीतून येणारा आवाज

हौसेने तयार केलेला पहिला ॲम्प्लिफायर बहुधा माइकचा आवाज ऐकवण्याआधी स्वतःच घूं करू लागतो. एलएम ३८६ ही आठ पायांची स्वस्त आयसी, माइक आणि ८ ओहमचा स्पीकर ब्रेडबोर्डवर (डाख न देता भाग जोडायच्या पाटीवर) जोडून पाहिलेल्यांना हा अनुभव नवा नसेल. अशा वेळी लगेच आयसी बदलू नये. कितीतरी चांगल्या आयसी याच घाईत कचऱ्यात जातात.

आधी अडॅप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावावी. आवाज थांबला, तर दोष पुरवठ्यात आहे. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) असलेल्या अडॅप्टरमधून १०० हर्ट्झची लहर सर्किटात येते. बॅटरीवरही आवाज राहिला आणि इनपुटच्या वायरीला बोट लावताच वाढला, तर घरातील ५० हर्ट्झची वीज त्या वायरीवर हवेतूनच उतरते आहे, असे समजावे. तेथे शील्ड, म्हणजे बाहेरून धातूच्या जाळीचे कवच, असलेली आखूड वायर वापरावी.

सर्वांत जास्त फसवते ती मात्र ग्राउंडची, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी, वायर. आकृतीत ग्राउंडच्या सगळ्या खुणा शून्य व्होल्टवर असतात, पण प्रत्यक्ष वायरीला आणि ब्रेडबोर्डच्या क्लिपांना थोडा रोध असतोच. समजा, स्पीकरचा २०० मिलिअँपिअर प्रवाह परतताना माइकच्याच ग्राउंड वायरीतून गेला आणि त्या वाटेत ०.०५ ओहम रोध असला, तर तिच्या दोन टोकांत १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु माइकचा संकेतही काही मिलिव्होल्टांचाच असतो. पिन १ आणि ८ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून गेन (संकेत किती पट वाढतो तो आकडा) २०० केलेला असेल, तर तेच १० मिलिव्होल्ट आउटपुटला २ व्होल्ट होतात आणि सर्किट स्वतःचेच ऐकून शिट्टी मारू लागते. उपायाला खर्च नाही: दोन्ही ग्राउंड वायरी वेगळ्या काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकापाशी एकत्र आणाव्यात.

आयसीला वीज देणारी पिन ६ आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०४ छापलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, सिरॅमिक कपॅसिटर आयसीला अगदी चिकटून लावावा, कारण १० सेंटिमीटर वायरीचे इंडक्टन्सही साधारण ०.१ मायक्रोहेन्री भरते आणि झटक्यात बदलणाऱ्या प्रवाहाला तेवढेही आड येते. जुन्या बॅटरीवर फट्‌फट् ऐकू आली, तर शेजारी २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक जोडावा. पिन ७ बहुतेक जण रिकामी सोडतात. बॅटरीवर ते चालून जाते, अडॅप्टरवर मात्र तेथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड जोडला की उरलेली घूं बरीच दबते.